पिवळा दे, पिवळी दे

वर्गात नव्याने दाखल झालेले मूल पहिले काही आठवडे काय करते, हे तुम्ही शिक्षक माझ्यापेक्षा चांगले जाणता. ते गप्प बसते. शेजारच्याच्या वहीत बघून उतरवून घेते. सगळे उभे राहिले की उभे राहते, बसले की बसते. वर्गात डोकावणाऱ्या पाहुण्याला त्यात काही वेगळे जाणवतही नाही. पण त्या मुलाला वर्गाची भाषाच येत नसेल, तर हे सारे नुसत्या नजरेवर चाललेले असते. कानांचा त्यात काही भाग नसतो.

अशा एका मुलीची आणि माझी ओळख झाली ती माझ्या भाचीमुळे. भाची तेव्हा डिझाइनच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एखादी वस्तू स्वतः घडवून ती प्रत्यक्ष माणसांमध्ये वापरून पाहावी लागते. तिने विषय घेतला होता भाषा शिकवणाऱ्या खेळाचा. एकट्याने मोबाइलवर खेळायचा नव्हे, दोघा-चौघांनी समोरासमोर बसून खेळायचा. शाळा निवडली होती पुण्याच्या पूर्वेकडची एक महापालिकेची शाळा. त्या भागात इमारतींची कामे सारखी चालू असतात आणि कामावरच्या मजुरांची मुले या शाळेत येतात. कुणी कलबुर्गी-यादगीरकडचे, कुणी तेलंगणातले, कुणी बिहारमधले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात दाखल करून घ्यावे लागते. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे कन्नडखेरीज काहीही न येणारी नऊ वर्षांची मुलगी जुलै महिन्यात थेट चौथीच्या वर्गात येऊन बसते, आणि फळ्यावर अपूर्णांक चाललेले असतात.

भाची एका रविवारी पुठ्ठ्याचे खोके घेऊन आमच्याकडे आली. "मावशी, तू फक्त खेळून बघ आणि काय चुकतंय ते सांग," म्हणाली. माझे काम पदार्थविज्ञानातले. भाषाशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. पण काय चुकतेय ते शोधणे हा आमचा रोजचाच उद्योग, त्यामुळे मी बसले.

पहिला खेळ सोपा होता. जमिनीवर चित्रांची कार्डे पसरायची. एकाने शब्द उच्चारायचा, जो आधी त्या चित्रावर हात मारेल त्याला कार्ड. असा खेळ बऱ्याच वर्गांत खेळतात आणि मुलांना तो आवडतोही. आमच्या घरी मजा आली. शाळेत मात्र तिसऱ्या दिवशीच त्याचे पितळ उघडे पडले. ज्यांना मराठी येतच होते ती मुले धडाधड कार्डे उचलत होती. ज्या मुलीसाठी खेळ रचला, ती हात मांडीवर ठेवून बघत बसली होती. थोडा विचार केला तर हे अटळच होते. शर्यतीत जो पुढे असतो त्यालाच जास्त वेळा सराव मिळतो, आणि ज्याला सरावाची गरज असते त्याच्यापर्यंत पाळी पोचेपर्यंत कार्ड गेलेले असते.

शून्य माहितीचे प्रश्न

मी भाचीला विचारले, "त्या शब्दाची कुणाला गरज होती का?"

प्रश्न तिला विचित्र वाटला, म्हणून मी माझ्या बाजूने समजावून पाहिले. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहिती मोजण्याची एक रीत मांडली. तिचे मर्म असे, की एखाद्या संदेशात किती माहिती आहे हे त्याच्या लांबीवरून ठरत नाही. तो मिळण्याआधी ऐकणाऱ्याच्या मनात किती अनिश्चितता होती, यावर ते ठरते. समजा, चार रांगा आणि चार ओळी असलेल्या सोळा घरांपैकी एका घरात मी सोंगटी लपवली. तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर असलेले प्रश्न विचारू शकता. वरच्या अर्ध्यात आहे का? डाव्या अर्ध्यात आहे का? असे दर प्रश्नाला शक्यता निम्म्या करत गेलात तर चार प्रश्नांत घर सापडते. म्हणजे त्या सोंगटीची जागा ही चार एकक माहिती झाली. या एककाला 'बिट' म्हणतात. पण सोंगटी तुम्हाला आधीच दिसत असेल तर मी कितीही लांबलचक वर्णन केले, तरी त्यातली माहिती शून्य.

आता वर्गातला नेहमीचा प्रसंग आठवा. बाई पेन्सिल वर धरतात आणि विचारतात, "हे काय आहे?" बाईंना ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे, आणि बाईंना ठाऊक आहे हेही मुलांना ठाऊक आहे. उत्तरात माहिती शून्य. तो प्रश्न परीक्षेचा असतो, बोलण्याचा नसतो. परीक्षा आवश्यकच आहे, पण भाषा ज्या कामासाठी जन्माला आली ते काम त्यात घडत नाही. भाषा लागते ती एकाजवळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही अशी काही गोष्ट असते तेव्हा.

हा विचार भाषाशिक्षणात नवा नाही, आणि आपल्यापासून फार दूरचाही नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक द्यायचे आणि कोणती गाडी पकडावी ते ठरवायला सांगायचे, नकाशा द्यायचा आणि वाट शोधायला सांगायची. अशा कामांत काहीतरी 'फट' असावी लागते असे त्यांनी मांडले. ती फट माहितीची असेल, तर्काची असेल किंवा मताची असेल. ती बुजवण्यासाठी मुले भाषा वापरतात, आणि लक्ष कामावर असतानाच भाषा आत झिरपते.

मधला पडदा

भाचीने खेळ बदलला. दोन मुले समोरासमोर. मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा; नसेल तर दप्तर उभे ठेवले तरी चालते. दोघांपुढे एकच चित्र: झाड, विहीर, घर, बैलगाडी, ओटा. एकाच्या चित्रावर टोपली, घागर, मांजर, चप्पल अशा सहा वस्तू आधीच चिकटवलेल्या. दुसऱ्याजवळ त्याच वस्तू सुट्या. पहिल्याने सांगायचे, दुसऱ्याने ठेवायचे. बोट दाखवायचे नाही, डोकावायचे नाही. शेवटी पडदा काढायचा आणि दोन्ही चित्रे जुळली तर दोघेही जिंकले. एक जिंकला आणि दुसरा हरला असे होतच नाही. जोडीदाराला कळले नाही तर आपलेच नुकसान, त्यामुळे ज्या मुलाला मराठी येते ते आपोआप सावकाश बोलू लागते.

'आपोआप' हा शब्द मी जरा घाईने लिहिला. पहिल्या दिवशी असे काही झाले नाही. सांगणाऱ्या मुलाने "घागर विहिरीजवळ" म्हटले, ऐकणारीने घागर घरावर ठेवली, आणि दोघांनाही पडदा निघेपर्यंत काही कळले नाही. मुलीला समजले नव्हते. पण समजले नाही हे सांगायला लागणारे शब्दही तिच्याजवळ नव्हते. ही अडचण आमच्या दोघींच्याही लक्षात आली नव्हती.

मायकेल लाँग या भाषातज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमके यावरच बोट ठेवले होते. परभाषक माणसाशी बोलताना आपण नुसते सोपे बोलतो असे नाही, तर अडल्यावर दुरुस्ती करतो. "काय?" "कुठे म्हणालास?" "झाडावर की झाडाखाली?" या दुरुस्तीच्या क्षणी वाक्य पुन्हा बोलले जाते, तोडून बोलले जाते, अडलेल्या शब्दावर जोर येतो. नवशिक्याला नेमके हवे ते, नेमके हवे तेव्हा मिळते. लाँगच्या मते शिकणे घडते ते मुख्यतः या अडण्या-सावरण्यातून. तेव्हा खेळात सर्वांत आधी द्यायला हवे होते ते टोपली आणि घागर नव्हे, तर "पुन्हा सांग", "थांब", "हे की ते?" हे शब्द.

भाचीने त्यांची तीन जाड कार्डे केली आणि ती ऐकणाऱ्याच्या हाताशी ठेवली. प्रत्येक डावात तिन्ही कार्डे निदान एकदा तरी वापरलीच पाहिजेत, असा नियम केला. त्यामुळे न समजणे ही लाजेची गोष्ट न राहता डावाचाच भाग झाली. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पात सर्वांत हुशारीचा भाग हाच.

हिंदीचे काय, असे तुम्ही विचाराल. शहरातल्या बहुतेक मुलांना टीव्हीमुळे कामापुरती हिंदी येते आणि अडले की दोघेही हिंदीवर घसरतात. भाचीने आधी बंदी घालून पाहिली, मग दंड म्हणून मणी काढून घेतले. दोन्हींमुळे मुले फक्त हळू आवाजात हिंदी बोलू लागली. शेवटी तिने नाद सोडला, आणि ते बरेच झाले. मराठी हाताशी आल्यावर हिंदी आपसूक कमी झाली.

काचेमागची बाई

पण यासाठी दोन जिवंत मुले समोरासमोर कशाला हवीत? हेच चित्र मोबाइलवर आणि हाच आवाज स्पीकरमधून आला तर काय बिघडते? भाचीच्या संस्थेतही तिला हा प्रश्न विचारला गेला. त्याला उत्तर म्हणून एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. त्याची रचना मला फार आवडते.

तो २००३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या, इंग्रजी घरांतल्या बाळांवर तो केला. या बाळांना चिनी (मँडरिन) भाषा बोलणाऱ्या व्यक्तींच्या सहवासात ठेवले. त्या व्यक्ती बाळांना पुस्तके दाखवत, खेळणी देत आणि चिनीत बोलत. पंचवीस मिनिटांचे एक सत्र, अशी चार आठवड्यांत बारा सत्रे. नंतर चिनी भाषेतल्या दोन जवळजवळच्या व्यंजनांमधला फरक बाळांना कळतो का हे तपासले. हा फरक इंग्रजीत नाही.

असा फरक म्हणजे काय, ते मराठीतच पाहा. 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते. 'चारा' म्हणताना ती दातांकडे येते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांत लिपी एकच पण उच्चार दोन. आपल्याला तो फरक लख्ख ऐकू येतो. हिंदीभाषक मोठ्या माणसाला तो बहुधा ऐकूच येत नाही. उलट 'ळ' या हिंदीभाषकाला जड जाणाऱ्या वर्णाचे कन्नड मुलांना काहीच वाटत नाही, कारण तो त्यांच्या घरचाच आहे.

बाळांना विचारायचे कसे? एकच ध्वनी सारखा वाजत ठेवतात आणि मध्येच तो बदलतात. बदलल्यावर बाळाने मान वळवली तर बाजूच्या पेटीत एक खेळणे नाचू लागते. बाळ ही गंमत लगेच शिकते. पण तिचा फायदा फरक ऐकू आला तरच. चिनी सहवास मिळालेली बाळे या परीक्षेत तैवानमध्ये चिनी ऐकतच वाढलेल्या बाळांच्या बरोबरीला आली.

खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्ती, तीच पुस्तके आणि तीच वाक्ये टीव्हीच्या पडद्यावर दाखवली, तितकीच सत्रे. काहींना नुसता आवाज ऐकवला. दोन्ही गटांना काहीही आले नाही. चिनी न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली. कानावर पडलेले ध्वनी तेच, फक्त समोरचे माणूस काढून घेतलेले.

याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चिनी बोलणाऱ्या व्यक्तीचे व्हिडिओ बाळांना स्वतः पडद्याला स्पर्श करून लावता येतील अशी सोय केली. काही बाळे एकटी बसली, काही दुसऱ्या बाळाच्या सोबतीने. मेंदूतल्या विद्युतलहरींच्या मापनात शिकल्याची खूण अधिक स्पष्टपणे दिसली ती सोबत असलेल्या बाळांमध्ये. ते दुसरे बाळही चिनी येणारे नव्हते हे लक्षात घ्या. तेही याच्याइतकेच अडाणी.

इथे एक इशारा द्यायला हवा. नऊ महिन्यांचे बाळ आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्यात मोठा फरक आहे. मोठी मुले रेकॉर्डिंगवरून शब्द शिकतात, मोठी माणसे तर पुस्तकावरूनही. तेव्हा 'यंत्रावरून भाषा येतच नाही' असा निष्कर्ष या प्रयोगावरून काढणे चूक होईल. भाचीच्या पहिल्या मसुद्यात तो होता; मी तो खोडायला लावला.

जे सांगावे लागत नाही ते येत नाही

दोन महिने पडद्याचा खेळ चालला. मुलगी बोलू लागली होती. पण काय बोलत होती? "मांजर झाड खाली." "टोपली पडला." जोडीदाराला सगळे समजत होते, चित्रे जुळत होती, टाळ्या वाजत होत्या. 'झाडाखाली' न म्हणता 'झाड खाली' म्हटले तरी मांजर योग्य जागीच जाते. मग ते मधले 'आ' शिकण्याचे मुलीला कारण काय?

प्रभूंनी हे आधीच ओळखले होते. त्यांच्या प्रकल्पात मुलांना गटागटाने बोलायला लावत नसत. शिक्षक आधी सगळ्या वर्गाबरोबर एक काम सोडवत आणि मग तसेच दुसरे काम मुले एकेकटी करत. मुलांनी सतत एकमेकांचेच अर्धेकच्चे बोलणे ऐकले तर ते तसेच पक्के होईल अशी त्यांना धास्ती वाटे. कॅनडातही असाच अनुभव आला. तिथे इंग्रजी घरांतली मुले सर्व विषय फ्रेंचमधून शिकत. कित्येक वर्षांनंतर त्यांना ऐकलेले जवळपास सगळे समजे, पण बोलण्यात व्याकरणाच्या चुका राहत. नुसते समजणे पुरत नाही. अचूक बोलल्याशिवाय काम अडेल अशी वेळ यावी लागते, असे मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडले.

मराठीत अशी अडचणीची जागा म्हणजे लिंग. आपल्याकडे तीन लिंगे, आणि निर्जीव वस्तूंनाही ती चिकटलेली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, आणि विशेषण तर बदलतच नाही. 'हळदि' म्हणजे पिवळा, पिवळी आणि पिवळे, सगळेच. (शब्द ओळखीचा वाटला ना?) हिंदीत दोनच लिंगे आणि तीही नेहमी जुळत नाहीत, 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी.

मग खेळातच लिंगाला काम द्यायचे ठरले. मांडणी अगदी साधी. तीन वस्तू, तिन्ही पिवळ्या: आंबा, पिशवी, केळे. नाव उच्चारायचे नाही, फक्त रंग सांगायचा. "पिवळा दे." "पिवळी दे." "पिवळं दे." बस. कोणती वस्तू हवी ते फक्त शेवटच्या स्वरावरून कळणार. मुलीला पिशवी हवी असताना ती "पिवळा" म्हणाली तर हातात आंबा पडतो. चूक शिक्षकाला दाखवावी लागत नाही, लाल शाईही लागत नाही. मघाच्या हिशेबात बोलायचे तर आतापर्यंत त्या स्वरात माहिती शून्य होती, आता सगळी माहिती त्याच एका स्वरात भरली.

पुढचा संच हिरव्यांचा: पेरू, मिरची, पान. मग काळा, निळा, पांढरा. इथे एक सूचना. लाल, गुलाबी, जांभळट हे शब्द घेऊ नका, ते बदलत नाहीत. भाचीने 'लाल'चा संच छापून घेतला होता आणि तो तसाच घरी पडून आहे.

हा खेळ मराठी मुलांना सर्वांत जास्त आवडला, कारण त्यांना आपल्या भाषेत असे काही आहे हे ठाऊकच नव्हते. एकाने विचारले, "बाई, मिरची मुलगी आहे हे कुणी ठरवलं?" बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी खिडकीबाहेर.

उजळणीसाठी तिने मिठाईचे तीन रिकामे डबे वापरले. न जमलेले कार्ड पहिल्या डब्यात, ते रोज उघडायचा. जमले की दुसऱ्यात, तो आठवड्यातून दोनदा. पुन्हा जमले की तिसऱ्यात, तो पंधरवड्याने. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी आहे ते हर्मान एबिंगहाउस यांचे १८८५ सालचे काम. स्वतःवरच प्रयोग करून त्यांनी दाखवले होते, की विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने होते आणि मग मंदावते.

उलटा डाव

एक गोष्ट मात्र योजनेत नव्हती. एका दुपारी जोडीदार मुलाने पडद्याआडून विचारले, "तुमच्यात 'वर' ला काय म्हणतात?" मुलगी म्हणाली, "मेले." पोरगा हसून लोळायचा बाकी राहिला. मग 'खाली' म्हणजे 'केळगे', 'आत' म्हणजे 'ओळगे'. पुढचा डाव त्यांनी कन्नडमध्ये खेळायचे ठरवले. आता सांगणारी ती होती आणि अडणारा तो. "पुन्हा सांग"चे कार्ड त्याने इतक्या वेळा उचलले की त्याचा कोपरा दुमडला. तिचा आवाज त्या दिवशी शेजारच्या वर्गापर्यंत गेला, असे बाई म्हणाल्या. भाचीने लगेच कन्नड संच करायला घेतला, चित्रे तीच ठेवून.

तुमच्या वर्गात करायचे तर चित्र हाताने काढलेले चालते, सुट्या वस्तूंसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. दोघांची चित्रे मात्र तंतोतंत सारखी असू द्या, नाहीतर भांडणे होतात. आणि जोडी फार दिवस एकच ठेवू नका.

मी भाचीला पहिल्याच दिवशी बजावले होते, की खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घे आणि शेवटी तीच पुन्हा घे. शिवाय खेळ न खेळलेल्या मुलांचीही घे. नाहीतर मुले खेळामुळे शिकली की नुसती पाच महिने शाळेत बसल्यामुळे, हे कसे कळणार? तुलनेचा गट तिला मिळाला नाही. खेळ सुरू झाल्यावर कुणालाच बाहेर राहायचे नव्हते, आणि बाईंनाही कुणाला बाहेर ठेवायचे नव्हते. डिसेंबरात इमारत पूर्ण झाली. मुलीचे कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. कुठे ते शाळेत कुणालाच नक्की माहीत नव्हते. तिची दुसरी चाचणी व्हायची होती.

अहवालाच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा शेवटचा रकाना रिकामा राहिला. भाची ती ओळच काढून टाकणार होती. मी म्हटले, ओळ राहू दे, रकाना रिकामा दाखव, आणि खाली कारण लिही.